जोडा फेकण्याआधी : चपला-बुटांच्या ॲलर्जीशी पहिल्यांदाच गाठ पडलेल्यांसाठी

इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले, झांक्या थांबल्या नाहीत. काही वर्षांपूर्वी त्या बघायला आम्ही लोकमान्यनगरातून निघालो तेव्हा पावसाची भुरभुर होती आणि माझ्या पायांत कॅनव्हासचे बूट होते. पहाटे घरी पोचेस्तोवर ते आतून-बाहेरून चिंब. दुसरा दिवस झोपेत गेला. तिसऱ्या दिवशी, पितृपक्ष लागला तेव्हा, ऑफिसच्या काळ्या चामडी बुटांत पाय घातले आणि अकराच्या सुमारास पावलांना अशी खाज सुटली की टेबलाखाली बूट काढून बसलो. संध्याकाळी दोन्ही पावलांवर वरच्या बाजूला बारीक, पाणी धरलेलं पुरळ. निदान मीच करून टाकलं : चामडं बाधलं.

बूट चांगले होते, महागाचे होते. ते आमच्या सोसायटीच्या चौकीदाराला देऊन टाकले आणि पायांना हवा लागावी म्हणून दिवसभर रबरी स्लिपर घालू लागलो. पाय आणखी बिघडले. त्यावर वर्षभर मेडिकलच्या दुकानातली मलमं चोळली. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पावलाकडे पाच सेकंद पाहिलं आणि विचारलं, “घरात काय घालता?”

“स्लिपर.”

“दाखवा.”

स्लिपर पायातच होती. त्यांनी ती काढायला लावली आणि पेनाच्या टोकाने पावलावरचा लाल पट्टा नुसता दाखवला. अंगठ्याच्या बेचक्यातून निघून दोन बाजूंना फाकणारा, स्लिपरच्या पट्ट्याची हुबेहूब नक्कल. वर्षभर तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

मी डॉक्टर नाही. पण या वाटेवर जे खड्डे मला लागले ते नव्या माणसाला आधी दिसावेत, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली पायरी : पाय नीट बघा

सकाळी, उजेडात, खिडकीशी बसून. मोबाइलवर फोटो काढा : पावलाची वरची बाजू, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. दोन्ही पायांचे काढा. डॉक्टरांकडे जाल त्या दिवशी पुरळ नेमकं शांत असतं, हा माझा अनुभव. तेव्हा हे फोटो उपयोगी पडतात.

चपला-बुटांची ॲलर्जी बहुतेक वेळा दोन्ही पायांवर, साधारण सारख्या जागी येते. बुटाने असेल तर पावलाची वरची बाजू आणि अंगठ्याची पाठ आधी धरते. तळवा धरला असेल तर आतल्या सोलवर, म्हणजे सुखतळ्यावर संशय घ्या. अशा वेळी पावलाचा जो भाग जमिनीला टेकतो तो लाल होतो आणि मधली कमान, बोटांखालच्या खाचा वाचतात. टाचेमागे असेल तर तिथलं कडक अस्तर आणि त्याचा चिकटा. बकलाखाली पैशाएवढा एकच चट्टा असेल तर बकलातला निकेल हा धातू.

बेचक्यांकडे खास लक्ष द्या. बंद बुटाच्या ॲलर्जीत त्या बहुधा कोरड्या, स्वच्छ राहतात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली कातडी पांढरी, ओली, सोललेली असेल, वास येत असेल आणि तेही एकाच पायाला, तर बुरशी असण्याची शक्यता जास्त. तिच्यासाठी डॉक्टर कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साधी तपासणी आहे. अंगठ्याच्या चपलेचा मात्र अपवाद लक्षात ठेवा. तिची खुंटी पहिल्याच बेचक्यात बसते, म्हणून तिथली जागा ॲलर्जीतही लाल होते.

आणि नवी चप्पल चावते ते वेगळं. ते घासणं आहे. पहिल्याच दिवशी, घासलेल्या जागीच फोड येतो, दुखतो, खाजत नाही.

पू, ताप, पाय सुजून वर लाल रेघ चढणं, किंवा मधुमेही माणसाच्या पायाला कसलीही जखम, यांपैकी काही असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि आज डॉक्टरांकडे जा.

दुसरी पायरी : तारखा मागे मोजा

माझी सगळी चूक इथे झाली. ही ॲलर्जी शेंगदाणे खाऊन ओठ सुजावेत तशी लगेच उठत नाही. शरीराच्या पांढऱ्या पेशी तो पदार्थ ओळखतात, एकमेकींना निरोप देतात, मग जमा होतात. त्याला साधारण २४ ते ७२ तास लागतात. म्हणजे सोमवारी खाज सुटली तर सोमवारचा जोडा आरोपी धरू नका. शनिवारी, रविवारी पायात काय होतं ते आठवा. माझ्या चामडी बुटांना फाशी झाली ती हा हिशेब न केल्याने. गुन्हा भिजलेल्या कॅनव्हास बुटांनी चतुर्दशीच्या रात्री केला होता.

“पण मी हीच चप्पल दहा वर्षं घालतोय,” हा दुसरा चकवा. ॲलर्जी जन्मजात नसते. शरीर एखाद्या पदार्थाला कधी विटेल ते सांगता येत नाही. नव्या पदार्थाशी वैर जुळायला कमीत कमी दहा-पंधरा दिवस लागतात, आणि कधी कधी वर्षानुवर्षांचा जुना सोबतीही एक दिवस नकोसा होतो. एकदा जुळलेलं हे वैर सहसा आयुष्यभर टिकतं.

कागदावर महिनाभराची नोंद करा. कुठला जोडा, किती तास, मोजे कुठले, पाय भिजले का. घाम आणि पाणी यांचा यात मोठा हात आहे. रबरातली, चामड्यातली रसायनं कोरडेपणी जागच्या जागी बसून असतात. ओल मिळाली की ती विरघळून कातडीवर उतरतात. म्हणून इंदुरात याचे दोन हंगाम : मे महिन्यातला घाम, आणि जूननंतर रोज भिजणारे, कधी पूर्ण न वाळणारे बूट.

तिसरी पायरी : जोडा बाजूला ठेवा, पण फेकू नका

संशय आलेले सगळे जोडे बंद करा, स्नानघरातली स्लिपरसुद्धा. आणि कागदाच्या पिशवीत घालून वर नाव-तारीख लिहून ठेवून द्या. पुढे तपासणीत त्याच जोड्याचा तुकडा कापून लावायची वेळ येऊ शकते. देऊन टाकलेल्या बुटाचा तुकडा मी कुठून आणणार होतो?

रबरी बुटांबरोबर घातलेले मोजेही वेगळे काढा. रबरातली रसायनं मोज्याच्या सुतात मुरतात आणि धुऊनही पुरती जात नाहीत. निर्दोष बुटात हे जुने मोजे घातले की पाय पुन्हा उठतो आणि बिचाऱ्या नव्या बुटावर आळ येतो. दहा मोजे टाकून देणं जिवावर येतं, मला माहीत आहे. टाका.

तोवर पायात काय घालायचं? आतून-बाहेरून एकसंध प्लास्टिकची, साच्यात ओतलेली, कुठेही न चिकटवलेली सँडल बहुतेकांना चालते. घरात अनवाणी. आमची आई लाकडी खडावा घेऊन ये म्हणाली होती. आम्ही हसलो, पण रसायनांच्या दृष्टीने तिचं चुकलेलं नव्हतं.

चौथी पायरी : मेडिकलवाल्याला डॉक्टर करू नका

आपल्याकडे पायाला खाज म्हटली की काउंटरवरून एक ट्यूब येते, तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं तिन्ही कालवलेलं असतं. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत बसते, माणूस खूश होतो. पण आत बुरशी असेल तर ती त्याच स्टेरॉइडच्या आडोशाने पसरते आणि तिचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. ॲलर्जी असेल तर कारण पायातच राहतं, ट्यूब संपली की पुरळ परत. शिवाय पिवळ्या मलमातलं नायट्रोफ्युराझोन आणि अनेक मलमांतलं निओमायसिन ही स्वतःच ॲलर्जी आणणारी औषधं म्हणून ओळखली जातात. म्हणजे एका दुखण्यावर दुसरं.

लिंबू, कच्चा लसूण, जंतुनाशकाचं घट्ट पाणी, यांनी सोललेली कातडी भाजते. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत साध्या गार पाण्यात भिजवलेली स्वच्छ सुती पट्टी दहा-पंधरा मिनिटं ठेवणं, पाय कोरडा करणं आणि पुरळ वाळायला लागलं की वास नसलेलं व्हॅसलीन, एवढं पुरे.

पाचवी पायरी : पॅच टेस्ट

इंदुरात त्वचेचे डॉक्टर भरपूर आहेत. पण आजकाल पाटी त्वचेची आणि आत निम्मं काम केसांचं नि चेहऱ्याच्या चमकेचं असतं. त्यामुळे जाण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा : “पॅच टेस्ट करता का?” ‘ॲलर्जी टेस्ट’ असं मोघम विचारू नका. तसं विचारलंत की रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी हातात येते, तांदूळ-दूध-धूळ अशी. ती ॲलर्जी वेगळ्या जातीची. बुटाच्या ॲलर्जीचा पत्ता रक्ताच्या त्या तपासणीत लागत नाही आणि सुई टोचून करतात त्या तपासणीतही नाही.

पॅच टेस्टमध्ये पाठीच्या वरच्या भागावर चिकटपट्ट्या लावतात. प्रत्येक पट्टीवर लहान लहान वाट्या, प्रत्येकीत एक संशयित पदार्थ मोजक्या प्रमाणात. भारतात यासाठी ठरलेला संच आहे, ‘इंडियन स्टँडर्ड बॅटरी’. पादत्राणांसाठी वेगळा संचही मिळतो, तो आहे का हे विचारून घ्या. पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि पाठ बघतात, मग आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. सोमवारी लावल्या तर बुधवारी आणि शुक्रवारी. शुक्रवारचा हेलपाटा चुकवू नका. नुसत्या चुरचुरीने आलेली लाली तोवर मावळते, खरी ॲलर्जी मात्र चढते. माझी बुधवारची पाठ जवळजवळ कोरी होती.

या दिवसांत पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम नाही, पाठीवर पेनाने केलेल्या खुणा पुसायच्या नाहीत. म्हणून जमल्यास थंडीत करा. मेमध्ये इंदुरात पट्ट्या पाठीवर टिकल्या तर नवल. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, पाठीवर कुठलं मलम लावत असाल, दिवस गेलेले असतील, तर आधीच सांगा. पुरळ पेटलेलं असताना ही टेस्ट करत नाहीत, आधी ते शांत करतात.

जाताना ती कागदी पिशवी न्या. संचातले सगळे पदार्थ कोरे निघाले तरी तुमच्या जोड्याचा सुखतळा, अस्तर, पट्टा यांची पातळ कात्रणं ओली करून पाठीला लावून बघता येतात. बूट बनवणारा नक्की काय वापरतो ते कुणी लिहून देत नाही, म्हणून हा तुकडा कधी कधी संचापेक्षा जास्त बोलतो.

सहावी पायरी : रिपोर्टातलं नाव बुटात कुठे राहतं ते शोधा

रिपोर्टावर तुम्हाला न उच्चारता येणारं एक नाव आणि पुढे एक, दोन किंवा तीन अधिक चिन्हं असतील. आता खरं काम सुरू होतं.

माझं नाव होतं मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल. कच्चं रबर गंधकाबरोबर तापवून पक्कं करतात. ते लवकर व्हावं म्हणून जी वेगवर्धक रसायनं घालतात त्यांतलं हे एक. थायुरम आणि कार्बामेट ही त्याचीच भावंडं. सगळी काही जळून जात नाहीत, थोडी रबरात उरतात. हवाई चपलेचे पट्टे, कॅनव्हास बुटांचा आतला तळ, बुटाच्या पुढच्या टोकातला कडक थर, लवचीक इलॅस्टिक, या सगळ्यांत. म्हणजे बाहेरून चामड्याचा दिसणारा बूटही आतून रबरी असू शकतो. थायुरम निघालं तर रबरी हातमोजेही जपून.

पोटॅशियम डायक्रोमेट निघालं तर चामडं. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, आणि त्यातला थोडा भाग कधी कधी क्रोमियमच्याच वेगळ्या रूपात, षट्संयुजी क्रोमियममध्ये, बदलतो. तोच बाधतो. युरोपात मे २०१५ पासून एक किलो चामड्यात असं क्रोमियम ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असलं तर ते विकता येत नाही. हेच क्रोमेट ओल्या सिमेंटमध्येही असतं, म्हणून गवंडीकाम करणाऱ्यांचे हात आणि पाय दोन्ही धरतात.

पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझिन असं रेल्वेच्या डब्यांसारखं नाव आलं, तर चिकटा. इथले मोची ज्याला ‘सुलेशन’ म्हणतात त्या जातीचे डिंक. दुरुस्तीला दिलेला जुना, निर्धोक जोडा परत आल्यावर बाधू लागला तर याचा संशय घ्या, आणि मोच्याला सांगा : चिकटवू नको, शिव. कोलोफनी म्हणजे राळ, तीही चिकट्यातच. ती काही जखमपट्ट्यांत आणि वॅक्समध्येही भेटते. पॅराफिनिलीन डायमीन निघालं तर बुटाआधी केसांच्या कलपाचा विचार करा. निकेल बकलात नि दोरीच्या भोकांच्या कड्यांत.

फेसासारख्या हलक्या, मऊ सँडल ज्याच्या असतात त्या ‘ईव्हीए’त रबराचे वेगवर्धक सहसा नसतात, म्हणून डॉक्टर त्या अनेकांना सुचवतात. पण तिथेही ॲसिटोफिनोन अझीन नावाचा एक पदार्थ सापडला आहे. अमेरिकेतल्या या विषयाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ सालचा ‘ॲलर्जन’ म्हणून त्यालाच निवडलं. तेव्हा सँडल चालेल असं कुणी सांगितलं तरी पहिला आठवडा पायांवर नजर ठेवा.

बुटाच्या खोक्यातली पुडी बघून घ्या. ‘सिलिका जेल’ निरुपद्रवी आहे. डायमिथाइल फ्युमरेट नावाची बुरशीरोधक पूड मात्र अशाच पुड्यांतून सोफ्यांत आणि बुटांत शिरली होती आणि युरोपात माणसांच्या कातड्या भाजल्यासारख्या झाल्या. २००९ मध्ये तिथे त्या मालावर बंदी आली. खोक्यात बिननावाची पुडी दिसली तर जोडा दोन-चार दिवस उघड्यावर ठेवून मग पाय घाला असं मी घरी सांगतो. तेवढ्याने ती पूड जातेच असं नाही, पण पुडी तरी पायाजवळून जाते.

सातवी पायरी : दुकानात

राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत “यात कुठलं रबर आहे?” असं विचारलं की “भिया, प्योर लेदर है, आंख बंद करके ले जाओ” हे उत्तर ठरलेलं. डोळे उघडेच ठेवा. सुखतळा निघतो का ते बघा. निघत असला तर काढून त्याखाली काय आहे ते पाहा, पिवळट डिंकाचे ओघळ लगेच दिसतात. शिवलेला जोडा चिकटवलेल्यापेक्षा बरा. रबर बाधत असेल तर पॉलियुरेथेनचा सोल आणि आत जाड सुती किंवा लोकरी सुखतळा. चामडं बाधत असेल तर कापड आणि प्लास्टिक. चिकटा बाधत असेल तर साच्यातून एकसंध निघालेलं.

क्रोमियमवाल्यांना आपली कोल्हापुरी सुचवावीशी वाटते. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात आणि शिवणही चामड्याच्या वादीची असते. २०१९ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. पण प्रदर्शनात ‘कोल्हापुरी’ म्हणून मांडलेलं सगळं तसं नसतं. पट्ट्याची कापलेली कड बघा. वनस्पतीत कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोमवाल्याचा गाभा बऱ्याचदा निळसर-राखाडी दिसतो. हा पुरावा नव्हे, इशारा आहे. खाली रबरी सोल डकवलेला असेल तर रबर आणि चिकटा दोन्ही परत आलेच.

एकच जोडा घ्या. आधी घरात दोन तास, मग तीन दिवस थांबा. दुकानदार बदलून देईल का ते बिल करतानाच विचारा, चौथ्या दिवशी नाही. रोजचे जोडे दोन असावेत, आलटून पालटून, म्हणजे एक पूर्ण वाळतो. पायाला फार घाम येत असेल तर त्यावर वेगळा इलाज आहे, तो डॉक्टरांना मुद्दाम विचारा. लोक तो सांगायला विसरतात.

शाळकरी मुलांच्या बाबतीत शाळेला चिठ्ठी लागते. काळे बूट नकोत, अमुक प्रकारचे चालतील, असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर पोर शिक्षेच्या भीतीने गुपचूप तेच घालतं.

आणखी एक गोष्ट, खाजेइतकी गाजत नाही पण घरं हलवून टाकते. काही स्लिपरच्या रबरातली आणि चिकट्यातली रसायनं कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशीच मारतात. पट्ट्याखाली पांढरे डाग येतात, कधी खाज न सुटताच. बघणाऱ्याला ते कोड वाटतं, आणि मुलगी लग्नाची असेल तर घरात कुजबुज सुरू होते. डाग पट्ट्याच्या आकाराचे आहेत का ते आधी बघा. चप्पल त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवा, पाय आणि चप्पल. लवकर थांबवलं तर काहींचा रंग परत भरतो, पण पसरलेले डाग हट्टी असतात.

माझे पाय स्लिपर आणि कॅनव्हास सुटल्यावर पाच-सहा आठवड्यांत सुधारले. अंगठ्याच्या बेचक्यातला काळसर डाग अजून आहे. रिपोर्टात पोटॅशियम डायक्रोमेटपुढे वजाचं चिन्ह होतं, म्हणजे चामड्याशी माझं काहीच वाकडं नव्हतं. चौकीदार ते काळे बूट अजून घालतो. रात्रपाळीला येताना पॉलिश करून येतो आणि फाटकाशी उभा राहून मला सलाम करतो.